फिजिक्स मुळापासून शिकायचंय, शिकवणारं कुणी नाही. पुस्तक कुठलं धरू?

लेथवाला (मच्छे)

नमस्कार मंडळी. एसएसएलसी मराठी माध्यमातून, मग आयटीआय, आणि तेव्हापासून बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात. आमच्या युनिटला हायड्रॉलिक सिलिंडरचं काम असतं. बोअर, रॉड, सील, टेस्टिंग, सगळं हाताखालून गेलंय. १०० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि १०० बार प्रेशर म्हटलं की ८ टन उचलणार, हे झोपेतही सांगेन. का उचलणार, हे कुणी विचारलं तर भिंतीवरचा चार्ट दाखवतो.

परीक्षा द्यायची नाही, नोकरीही बदलायची नाही. नुसतं समजून घ्यायचंय. रात्री जेवणानंतर तासभर मोकळा असतो. इंग्रजी वाचता येतं, पण हळू. गणित दहावीनंतर हातचं सुटलंय. नेटवर शोधलं तर एकेका यादीत चाळीस-पन्नास पुस्तकं, आणि प्रत्येक जण म्हणणार हे वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका. एवढी वाचायला रिटायरच व्हावं लागेल की ओ.

मराठीत काही आहे का? नसेल तर इंग्रजीतलं सोप्यात सोपं कुठलं?

निपाणीचा पाऊस

स्टीफन हॉकिंगचं काळावरचं ते गाजलेलं पुस्तक घ्या. १९८८ चं आहे, मराठी अनुवादही वाचलाय मी. कृष्णविवरं, विश्वाची सुरुवात, एकदम भारी. गणित अजिबात नाही, अख्ख्या पुस्तकात एकच समीकरण.

खानापूर पॅसेंजर

निपाणीकर, ते मीही वाचलंय आणि आवडलंय. पण गणित नाही हीच तर त्याची अडचण. ह्यांना ८ टन कुठून येतात ते हवंय, आणि तुम्ही त्यांना थेट कृष्णविवरात ढकलूलाय. असली पुस्तकं वाचून फिजिक्सबद्दल छान बोलता येतं. पुलीला लटकलेल्या दोन वजनांची दोरी किती ताणली जाईल, हे मात्र काढता येत नाही. मी त्याच वाटेनं गेलेला माणूस आहे, म्हणून सांगतो.

निपाणीचा पाऊस

गोडी तर लागते ना? आधी गोडी, मग गणित. दोरीचा ताण वाचून कुणाला प्रेम जडलंय?

घटप्रभाकाठ

लेथवाले, तुम्हाला गोडी आधीच आहे, नाहीतर दिवसभर मशीनवर उभं राहून रात्री हा प्रश्न टाइप केला नसता. त्यामुळे निपाणीकरांचा मुद्दा खरा असला तरी तुम्हाला लागू नाही.

मी पीयूला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवत शिकवत निवृत्त झाले. आपल्या भागातल्या मराठी शाळांतली पोरं दरवर्षी बघितली. दहावीपर्यंत सगळं मराठीत आणि पीयूसी पहिल्या वर्षाला एकदम सगळं इंग्रजीत. डोकं चांगलं असतं, पण पहिले दोन-तीन महिने पोर पुस्तक वाचत नाही, डिक्शनरी वाचतं. तोवर वर्गात व्हेक्टर संपून न्यूटनचे नियम सुरू झालेले असतात. पुढं तेच पोर घरी सांगतं, मला फिजिक्स जमत नाही. तुम्ही एकट्यानं शिकणार, म्हणजे हीच खिंड तुम्हालाही लागणार. तर आधी तिची सोय करू.

पहिलं पुस्तक दहावीचंच धरा. हसू नका. कर्नाटकातलं दहावीचं विज्ञान आता एनसीईआरटीच्याच (केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या) पुस्तकावरून आहे, आणि आपल्याकडची सरकारी पाठ्यपुस्तकं मराठी माध्यमातही निघतात. म्हणजे तोच धडा, तीच आकृती, तेच उदाहरण, एक मराठीत आणि एक इंग्रजीत. दोन्ही फुकट उतरवून घेता येतात. मराठी धडा पूर्ण वाचा, गणितं करा, आणि दुसऱ्या दिवशी तोच धडा इंग्रजीत वाचा. काय चाललंय ते माहीत असल्यामुळे इंग्रजी आपोआप सुटत जातं. प्रकाश आणि वीज हे दोन विषय असे झाले की पुढच्या पुस्तकाचं इंग्रजी अंगावर येणार नाही. मी वर्गात हे मुलांना करायला लावायचे. ज्यांनी केलं ती तरली.

एक अडचण आहे. एनसीईआरटीनं अलीकडे दहावीच्या पुस्तकातून विद्युत मोटर, विद्युतचुंबकीय प्रवर्तन आणि जनित्र हे भाग गाळले. तुमच्यासारख्या दिवसभर मोटरजवळ उभं राहणाऱ्या माणसाला नेमकं तेच हवं असणार! त्यासाठी महाराष्ट्राचं बालभारतीचं दहावीचं ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ भाग १ घ्या. ‘विद्युतधारेचे परिणाम’ ह्या धड्यात मोटर आणि जनित्र दोन्ही आहेत. गुरुत्वाकर्षण, उष्णता, भिंगं ह्यांवरही स्वतंत्र धडे आहेत. नववीच्या पुस्तकात गतीचे नियम आणि कार्य-ऊर्जा. तेही ई-बालभारतीवर फुकट. छापील हवं असेल तर गडहिंग्लजला किंवा कोल्हापूरला जाणाऱ्या कुणाला तरी सांगा.

कोश आणि विश्वकोश ह्यांचं काम वेगळं. मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, भौतिकीवरच्या नोंदी दाट आणि भरवशाच्या आहेत, पण त्या वाचून शिकता येत नाही. शिकलेलं पक्कं करायला येतात. भाषा संचालनालयाचा भौतिकशास्त्राचा परिभाषा कोशही तसाच. एक शब्द अडला की उघडायचा आणि मिटायचा.

दहावीनंतर मराठीत सलग असं पाठ्यपुस्तक मी शिफारस करावं असं नाही. खोटी आशा लावत नाही. पण अकरावी-बारावीची एनसीईआरटीची पुस्तकं हिंदीत आहेत. लिपी ओळखीची, निम्म्याहून जास्त संज्ञा आपल्याच. इंग्रजी परिच्छेद तीनदा वाचून कळला नाही की हिंदी प्रत उघडायची. आपल्याकडे हे फारसं कुणी करत नाही, का ते मला कधी कळलं नाही.

सुटा कागद

मराठी माध्यमावर अन्याय झालाय हे आता तरी कबूल करा. एवढी वर्षं सीमाभागातल्या

संपादक

सुटा कागद, उरलेला प्रतिसाद काढला आहे. सीमाप्रश्नावर वेगळे धागे आहेत, तिथे लिहा. इथे फिजिक्स.

कित्तूर रोड

संपादक, धन्यवाद. आणि सांगायचं तर आमच्या शेजारचा पोरगा कन्नड माध्यमाचा, त्याचीही पीयूला अगदी हीच गत झाली. बाईंनी सांगितलेली दोन पुस्तकं शेजारी ठेवायची युक्ती त्यालाही चालेल, कन्नडमध्ये तेच पुस्तक आहे.

अर्धवट इंजिनीअर

बाईंशी सहमत, पण दहावीवर फार रेंगाळू नका. एकदा ते झालं की एच. सी. वर्मा. ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’, दोन भाग. पहिल्यात यांत्रिकी, तरंग, प्रकाश. दुसऱ्यात उष्णता, वीज, चुंबकत्व, आधुनिक भौतिकी. इंग्रजी सरळ आहे, वाक्यं छोटी. दुसरा धडा गणितावरच आहे, म्हणजे दहावीनंतर सुटलेलं तुम्हाला तिथेच परत धरता येतं.

लोक ह्या पुस्तकाला जेईईचं पुस्तक म्हणून घाबरतात. ते घाबरणं शेवटच्या एक्सरसाइजमुळे. तुम्ही धड्यातली सोडवून दाखवलेली उदाहरणं कागदानं झाकून आधी स्वतः करा. त्यानंतर ‘शॉर्ट आन्सर’चे प्रश्न. आकडेमोड जवळपास नाही, पण एकेक प्रश्न संध्याकाळ खातो. एक्सरसाइजमधली पहिली आठ-दहा गणितं करा आणि पुढं चला. ऑब्जेक्टिव्ह टू तर पहिल्या वाचनात बघूच नका, ती दुसऱ्या फेरीला.

आणि हो, पुण्याला गेलात तर अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत मिळते. त्यात आधीच्या मालकानं पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली असली तर घेऊ नका. मोह होतो.

टिळकवाडी टू मार्स

कुणीच फाइनमनचं नाव घेतलं नाही?! ‘द फाइनमन लेक्चर्स ऑन फिजिक्स’. तिन्ही खंड कॅलटेक ह्या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या साइटवर वाचायला फुकट आहेत. जगात ह्याहून चांगलं फिजिक्स लिहिलेलं नाही. इथे दहावी-बारावी काय करत बसलाय? थेट उस्तादाकडे जा.

घटप्रभाकाठ

मार्स, उस्ताद खराच. पण ती व्याख्यानं १९६१ ते ६३ मध्ये कॅलटेकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दिलेली आहेत. निवडून घेतलेली मुलं, हाताशी ट्यूटोरियल, बाजूला प्रयोगशाळा. आणि प्रस्तावनेत खुद्द फाइनमननंच लिहून ठेवलंय की विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं आपलं काम फारसं साधलं असं त्याला वाटत नाही. वाचताना वाटतं सगळं लख्ख कळलं. पुस्तक मिटून गणित करायला बसलं की हात रिकामे. ज्याला विषय एकदा येऊन गेलाय त्याच्यासाठी ते पुस्तक म्हणजे सण आहे. मी स्वतः शिकवायला लागल्यावर वाचलं, आणि तेव्हा कुठं कळलं की आपण काय शिकवतोय.

तरी लेथवाल्यांनी पहिल्या खंडातलं ऊर्जेच्या अक्षय्यतेवरचं चौथं प्रकरण आत्ताच वाचावं. लहान मुलाचे २८ ठोकळे आणि ते रोज मोजणारी आई, एवढ्यावरून ऊर्जा म्हणजे काय आणि काय नाही, हे तो सांगतो. तेवढं प्रकरण दहावीच्या गणितावर वाचता येतं. बाकीचं दोन वर्षांनी.

टिळकवाडी टू मार्स

दोन वर्षं! बाई, तोवर माणूस कंटाळून सोडून देईल. माझं मत बदललेलं नाही. अवघड वाचावं, निम्मं कळेना, परत वाचावं. मी तसाच शिकलो.

खानापूर पॅसेंजर

मार्स, तुम्ही इंजिनीअरिंग करून मग वाचलंत, हे तुम्हीच मागं एका धाग्यावर लिहिलंय. :)

गावठी गॅलिलिओ (चिक्कोडी)

पुस्तक कसं पारखायचं ह्यावर माझा एक ठोकताळा. दुकानात उभ्या उभ्या न्यूटनच्या तिसऱ्या नियमाचं पान उघडायचं. टेबलावर पुस्तक ठेवलंय, पृथ्वी त्याला खाली ओढते. ह्या ओढीची प्रतिक्रिया कुठली? बहुतेक जण म्हणणार, टेबल पुस्तकाला वर ढकलतं ती. नाही. पृथ्वी पुस्तकाला ओढते, तर पुस्तक पृथ्वीला ओढतं, ती जोडी. टेबलाचा वरचा रेटा वेगळ्या जोडीतला, त्याचा जोडीदार म्हणजे पुस्तकानं टेबलाला दिलेला खालचा रेटा. दोन्ही बलं एकाच वस्तूवर असतील तर ती तिसऱ्या नियमाची जोडी असूच शकत नाही.

जे पुस्तक इथं थांबून, वाचक कुठं घसरणार हे ओळखून सांगतं, ते घ्यायचं. जे ‘क्रिया आणि प्रतिक्रिया समान व विरुद्ध असतात’ एवढं चौकटीत छापून पुढं जातं ते परत ठेवायचं. ह्याच कारणासाठी कोचिंग क्लासच्या नोट्स नकोत. त्यात चौकटीच चौकटी असतात. ज्याला सीईटीला एका मिनिटात एक प्रश्न उडवायचाय त्याच्यासाठी त्या बनवल्यात, आपल्यासाठी नव्हे.

लेथवाला (मच्छे)

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बाई, तुमचं ऐकून नववीच्या बालभारतीपासून सुरुवात केलीय, कार्य आणि ऊर्जा चालू आहे. मुलीला गंमत वाटूलीय की बाबा आपल्यासारखंच दप्तर काढून बसतात.

आता एक विचारतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. मग आमचा सिलिंडर मांडून बघितला. १०० बार म्हणजे १ कोटी पास्कल. बोअर ०.१ मीटर, क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर. गुणाकार ७८,५०० न्यूटन. ९.८ नं भागलं तर साधारण ८,००० किलो. ८ टन! चार्टवरचा आकडा असा निघतो हे बघून बरं वाटलं.

मग रॉडच्या बाजूनं केलं. ५६ मिलिमीटरचा रॉड असतो, तेवढं क्षेत्रफळ वजा केलं. ५.५ टन येतात. मागे येताना जोर कमी असतो हे आम्हाला माहीत होतंच. पण तेल आत ढकलायचा दाब तोच, मग मागे येताना वेग जास्त का असतो?

अर्धवट इंजिनीअर

ह्याला म्हणतात शिकणं. वेगाचं उत्तर तुमच्याच आकड्यात आहे. पंप मिनिटाला ठरावीक लिटर तेल देतो. रॉडच्या बाजूला भरायची जागा कमी, म्हणून ती लवकर भरते आणि पिस्टन लवकर सरकतो. क्षेत्रफळ जितक्या पटीनं कमी, वेग तितक्याच पटीनं जास्त. आता बल गुणिले वेग करून बघा, दोन्ही दिशांना.

लेथवाला (मच्छे)

सारखंच येतंय.

अर्धवट इंजिनीअर

ती शक्ती. मोटर तेवढीच देते, तुम्ही जोरात घ्या नाहीतर वेगात घ्या.

फाउंड्रीतला

आमच्याकडचं एक उदाहरण टाकतो, उष्णतेच्या धड्याला उपयोगी पडेल. ग्रे आयर्नच्या (बिडाच्या) कास्टिंगला पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात तो नमुना, बनवताना मीटरमागं साधारण १० मिलिमीटर जास्त ठेवतात, हे आमच्या पॅटर्नवाल्याला शिकवावं लागत नाही. त्याची पट्टीच तशी आखलेली असते. लोखंडाचा रेषीय प्रसरणांक एका अंशाला मीटरमागं साधारण ११ मायक्रोमीटर धरा. धातू घट्ट होतो ११५० अंशांच्या आसपास, तिथून खोलीच्या तापमानाला येईपर्यंत ११०० अंशांचा उतार. गुणलं की १२ मिलिमीटर. पट्टीवरच्या १० च्या जवळ आलं की नाही? राहिलेला फरक असा की घट्ट होताना आत ग्रॅफाइट तयार होतं आणि ते फुगतं, आकसणं थोडं भरून निघतं. स्टीलच्या कास्टिंगला ग्रॅफाइट नाही, म्हणून तिथं जास्त ठेवावं लागतं.

पुस्तकातल्या रेल्वे रुळाच्या फटीपेक्षा हे मला लवकर पटलं. बेळगावात एवढ्या फाउंड्र्या, एवढी मशीन शॉप्स, आणि एकाही पाठ्यपुस्तकात त्यातलं उदाहरण नाही. असो.

गृहिणी पण गणितात

गणिताचं कुणी नीट बोललं नाही म्हणून लिहिते. अकरावीच्या फिजिक्सला कॅल्क्युलस (कलन, बदलाच्या वेगाचं गणित) लागतं आणि तिथंच बहुतेक स्वयंशिक्षित लोक गळतात. शाळेचं गणिताचं अख्खं पुस्तक करत बसू नका. दहावीतलं एवढं पक्कं करा: समीकरणातून हवं ते अक्षर एका बाजूला काढणं, आलेखाचा चढ, आणि काटकोन त्रिकोणातले साइन, कोसाइन. त्यानंतर सिल्व्हेनस थॉम्पसनचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’. १९१० चं पुस्तक आहे, कॉपीराइट संपलेलं, त्यामुळे कायदेशीर फुकट मिळतं. भाषा जुनी आहे पण माणूस खट्याळ आहे. घाबरवणाऱ्या चिन्हांचा साधा अर्थ पहिल्याच दोन पानांत सांगून मोकळा होतो. निम्मं पुस्तक झालं तरी वर्मांच्या पहिल्या भागाला पुरतं.

मी स्वयंपाकघरात ओट्याशेजारी ठेवून वाचलं. तेलाचे डाग पडलेत, पण इंटिग्रेशन येतं.

निपाणीचा पाऊस

व्हिडिओंबद्दल काय मत? वाल्टर लुइनची एमआयटीची व्याख्यानं आहेत यूट्यूबवर. लंबकाच्या गोळ्यावर स्वतः बसून झोके घेतो तो माणूस. ह्याला तरी कुणी नाही म्हणू नका.

घटप्रभाकाठ

नाही म्हणत नाही, मलाही फार आवडतात. मात्र आधी धडा, मग व्हिडिओ. उलटं केलं की आपण नुसते प्रेक्षक होतो. त्यापेक्षा कोलोराडो विद्यापीठाचे ‘फेट’ सिम्युलेशन करा. कार्ल वीमन ह्या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं २००२ मध्ये सुरू केलेला प्रकल्प आहे, फुकट आहे आणि बरीच सिम्युलेशन मराठीतही आहेत. विद्युत परिपथाचं सिम्युलेशन तर लेथवाल्यांच्या मुलीलाही द्या. बल्ब एकसर जोडले की मंद का होतात आणि समांतर जोडले की का होत नाहीत, हे ती तुमच्या आधी सांगेल.

गावठी गॅलिलिओ (चिक्कोडी)

सिम्युलेशन ठीक, पण हातानंही काही करा. छताच्या हुकाला दोरी, खाली एक जड नट. हुकापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर. थोडासाच बाजूला ओढून सोडा आणि २५ पूर्ण झोके मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. ५० सेकंदांच्या किंचित वर येतील. त्यावरून जी (गुरुत्वीय त्वरण, तेच ९.८) काढा. नट बदलून दुप्पट वजनाचा लावा, वेळ तीच. एक झोका मोजायचा नाही, बोट मागंपुढं होतं. २५ मोजले की ती चूक २५ जणांत वाटली जाते. हे जर कळलं तर प्रयोगाचं निम्मं शास्त्र कळलं.

भाग्यनगर

इंग्रजी जमत असेल तर ओपनस्टॅक्सचं ‘कॉलेज फिजिक्स’ही बघा, फुकट पीडीएफ आहे. कॅल्क्युलस नाही, बीजगणितावर चालतं. फक्त अमेरिकन पद्धतीचं जाडजूड आहे, एक गोष्ट चार वेळा सांगतं. एकट्यानं शिकणाऱ्याला ते बरंच पडतं म्हणा. हॅलिडे-रेझनिकचं जाडं पाठ्यपुस्तक मात्र कॅल्क्युलस आल्यावर.

आणि कुणी ‘क्वांटम’ शब्द असलेलं उपचाराचं किंवा मन:शक्तीचं पुस्तक दिलं तर चहा पाजून परत पाठवा.

सुटा कागद

राग मानू नका, मघाशी भरात लिहिलं गेलं. एक उपयोगाचं सांगतो. गणपत गल्लीतल्या सार्वजनिक वाचनालयाचं सभासदत्व घ्या. नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मी तिथूनच आणून वाचलं. ते खगोलाचं आहे, गणितं सोडवायचं नाही, पण गुरुत्वाकर्षणाचा धडा झाल्यावर वाचायला घ्या. मराठीत इतकं सरळ लिहिणारा शास्त्रज्ञ विरळा.

घटप्रभाकाठ

सहमत. लेथवाले, कार्य-ऊर्जेचा धडा संपला असेल तर एक गणित देते, पुस्तकातलं नाही. आमच्या गोकाकचा धबधबा साधारण ५२ मीटर उंच. वरून पाणी सोडलं, सुरुवातीचा वेग शून्य धरा, हवा नाही असं समजा. खाली पोचताना वेग किती? आणि ती सगळी गतिज ऊर्जा खाली उष्णता झाली तर पाणी किती अंशांनी तापेल? एक किलो पाणी एक अंश तापवायला ४,१८६ जूल लागतात.

लेथवाला (मच्छे)

वस्तुमान दोन्हीकडून उडतं. वेगाचा वर्ग म्हणजे २ × ९.८ × ५२ = १,०१९. वर्गमूळ जवळजवळ ३२ मीटर प्रति सेकंद. ताशी ११५ किलोमीटर! वस्तुमान उडालं म्हणजे एक थेंब पडो की अख्खी नदी, वेग तोच ना?

तापमानाला: किलोमागं ९.८ × ५२ = ५१० जूल. भागिले ४,१८६ म्हणजे ०.१२ अंश. एवढंच? एवढा आवाज करतो तो धबधबा पावसाळ्यात, आणि पाणी अंशाच्या आठव्या हिश्श्यानं गरम?

घटप्रभाकाठ

दोन्ही बरोबर. उष्णता किती मोठी गोष्ट आहे ते आता लक्षात आलं? चहाचा कप उकळायला जेवढी ऊर्जा लागते तेवढ्यात तोच कप कित्येक किलोमीटर वर नेता येईल. जूलनं एकोणिसाव्या शतकात हेच मोजायचा ध्यास घेतला होता, धबधब्याच्या वर आणि खाली थर्मामीटर लावून.

थेंब आणि नदीचं मात्र ‘हवा नाही’ म्हटलं म्हणून सारखं आलं. खरा सुटा थेंब ३२ पर्यंत पोचतच नाही, हवा त्याला अडवते. पावसाचा मोठ्यातला मोठा थेंबसुद्धा सेकंदाला ९-१० मीटरच्या वर जात नाही, नाहीतर डोक्याला खोक पडली असती. तो किती वेगाला अडकतो हे वर्मांच्या पहिल्या भागात द्रायूंच्या (द्रव आणि वायूंच्या) प्रकरणाजवळ, चिकटपणा आणि अंतिम वेग बघा. अजून तिथं जाऊ नका, आधी घर्षण.

लेथवाला (मच्छे)

घर्षण उद्यापासून. वर्मांचा पहिला भाग कुणाकडे जुना आहे का? घेऊन टाकतो.

खानापूर पॅसेंजर

माझ्याकडे दोन्ही आहेत. पोरगी इंजिनीअरिंगला गेली, आता पडूनच आहेत. पेन्सिलीनं काही लिहिलेलं नाही, त्या बाबतीत निर्धास्त राहा. शनिवारी बाजाराला बेळगावात येतो, उद्यमबागेच्या नाक्यावर थांबलात तर देतो. पैसे नकोत, फक्त शॉर्ट आन्सरमधला कुठला प्रश्न अडला तर इथेच टाका, मलाही परत करून बघायचंय.

लेथवाला (मच्छे)

शनिवारी शिफ्ट दोनला सुटते. अडीचला नाक्यावर आहे.